निर्दोष ठरलेल्याची कैद

१९२५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे सतरा-एक वर्षांच्या मुलीचा खटला आला. नवरा छळायचा, माहेरी जाऊ द्यायचा नाही. तिने विहिरीत उडी टाकली. तान्हं बाळ तिच्या पाठीवर होतं. ती वाचली, बाळ गेलं. उच्च न्यायालयाने तिला खुनी मानायला नकार दिला. बाळासकट उडी मारली तर बाळ मरेल, हे भानावर असलेल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. पण ही मुलगी त्या घटकेला भानावर नव्हती, पाठीवर बाळ आहे याचीही तिला शुद्ध नसावी, असा विचार न्यायालयाने केला. तिला दोषी धरलं ते हयगयीने मृत्यू घडवल्याच्या सौम्य कलमाखाली.

१९५३ मध्ये तसाच खटला खानदेशाला लागून असलेल्या तेव्हाच्या मध्य भारत राज्यात उभा राहिला. घरातल्या भांडणानंतर एका बाईने तीन मुलांसह विहीर जवळ केली. तिन्ही मुलं बुडाली, ती जिवंत राहिली. तिथल्या उच्च न्यायालयाला कायद्यातून वाट सापडली नाही. हा खूनच आहे आणि खुनाला जन्मठेपेहून कमी शिक्षा देता येत नाही, असं त्याने ठरवलं. मात्र निकाल तिथे संपला नाही. ही बाई एवढ्या कठोर शिक्षेला पात्र नाही, सरकारने तिची शिक्षा कमी करावी, अशी शिफारस न्यायालयाने स्वतःच केली.

दोषी ठरवणाऱ्यानेच दयेसाठी शब्द टाकावा, ही न्यायव्यवस्थेतली फार जुनी रीत आहे. इंग्लंडमधल्या ज्युरी ती नेमाने पाळत. आरोपी दोषी आहे, पण त्याच्यावर दया करावी, असं त्या निकालासोबतच सांगत. नवजात बाळाला मारणाऱ्या आईला फाशीच्या दारात उभं करायला ज्युरी तयार होईनात, म्हणून १९२२ साली तिथे अशा मातांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुराव्याचा शब्दन् शब्द ज्याने ऐकला, आरोपीचा चेहरा ज्याने दिवसचे दिवस पाहिला, त्याला पुढे त्या माणसाचं काय होणार याची चिंता वाटणं स्वाभाविक आहे. ही चिंता न्यायाच्या कामातच मोडते. खानदेशातल्या, किंबहुना भारतातल्या कुठल्याही जिल्ह्यातल्या एका प्रकारच्या कैद्याच्या बाबतीत मात्र ती कुणाचीच जबाबदारी राहिलेली नाही. हा कैदी म्हणजे वेडाच्या भरात गुन्हा केला म्हणून निर्दोष ठरलेला माणूस.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चुकीचं, बेकायदा आहे हे ज्याला त्या क्षणी कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. भारतीय दंड संहितेतलं हे कलम ८४. आता भारतीय न्याय संहितेत ते २२ वं कलम आहे. अशा माणसाची न्यायालय निर्दोष मुक्तता करतं, पण कृत्य त्याच्याच हातून घडलं की नाही हेही निकालात नोंदवतं. कृत्य घडलं असेल तर पुढे दोन वाटा आहेत: न्यायालयाला योग्य वाटेल त्या ठिकाणी सुरक्षित ताब्यात ठेवणं, किंवा नातेवाइकाच्या वा मित्राच्या हवाली करणं. दुसरी वाट आपोआप उघडत नाही. नातेवाइकाने किंवा मित्राने स्वतः अर्ज करायचा, हमी द्यायची, आणि सांगितल्या वेळी त्या माणसाला तपासणीसाठी हजर करायचं. कुणी पुढे आलं नाही तर उरतो तो ताबा. त्याला मुदत नाही.

शिक्षा झालेल्या कैद्याला तारीख असते. त्याला शिक्षेत सूट मिळते, पॅरोल मिळतो. संविधानाच्या १६१ व्या कलमाखाली तो राज्यपालांकडे दयेचा अर्ज करू शकतो. पण ते कलम गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्यांपुरतं आहे. जो दोषीच ठरला नाही, त्याला माफ काय करायचं आणि त्याची कुठली शिक्षा कमी करायची? कच्च्या कैद्यांनी ठरावीक काळ तुरुंगात काढला की त्यांना जामिनावर सोडण्याची तरतूद आहे, तीही याच्या उपयोगाची नाही, कारण याचा खटला संपलेला असतो. शिक्षा झालेल्यासाठी असलेली आणि खटला चालू असलेल्यासाठी असलेली, अशी दोन्हीकडची दारं त्याला बंद आहेत. उरतं एकच. तुरुंगाचे वा मनोरुग्णालयाचे अधिकारी किंवा भेट देणारे अभ्यागत यांनी लिहून द्यायचं की हा माणूस सुटला तर धोका नाही, आणि मग राज्य सरकारने ठरवायचं. सरकार सोडू शकतं, ताब्यात ठेवू शकतं, किंवा एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आयोग नेमून चौकशी करवू शकतं. किती दिवसांत ठरवायचं, हे कलमात नाही. आणि ज्या न्यायाधीशाने निकाल दिला, त्याचा या सगळ्याशी संबंध उरत नाही.

ही रचना इंग्रजांची आहे. १८०० साली जेम्स हॅडफिल्डने लंडनच्या नाट्यगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. ज्युरीने त्याला वेडा म्हणून निर्दोष ठरवलं, तेव्हा तो मोकळा सुटेल या धास्तीने संसदेने घाईघाईने कायदा केला: अशा माणसाला राजाची मर्जी असेल तोवर डांबून ठेवायचं. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटनच्या खटल्यानंतर वेडाची कायदेशीर कसोटी ठरली आणि तीच पुढे आपल्या दंड संहितेत आली. राजाच्या मर्जीची जागा आपल्याकडे सरकारने घेतली.

खुद्द इंग्लंडने ही पद्धत सोडली, त्यालाही चार दशकं झाली. ब्रॉडमूर मनोरुग्णालयातल्या एका रुग्णाच्या खटल्यात युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने १९८१ मध्ये ठरवलं की, असा माणूस अजून कैदेत हवा की नको याचा फैसला मंत्र्याने नव्हे, न्यायालयासारख्या स्वतंत्र संस्थेने ठरावीक काळाने करायला हवा. त्यानंतर तिथल्या न्यायाधिकरणांना सुटकेचा अधिकार मिळाला. आपण १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे नव्या नावांनी लागू केले. वसाहतवादी वारसा टाकून देतो आहोत, असं तेव्हा सांगितलं गेलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७७ व्या कलमात मात्र सुटकेचा निर्णय जसाच्या तसा राज्य सरकारच्या हाती ठेवला आहे.

ज्युरी जिथे आजही आहे त्या अमेरिकेतला एक खटला विहिरीतल्या त्या दोन बायांची आठवण करून देतो. टेक्सासमध्ये अँड्रिया येट्सने जून २००१ मध्ये आपली पाचही मुलं घरातल्या टबमध्ये बुडवून मारली. तिचा मानसिक आजार जुना होता, उपचारही झाले होते. २००२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवलं. सरकारी बाजूच्या मानसोपचारतज्ज्ञाने एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या ज्या भागाचा साक्षीत दाखला दिला, तो भाग कधी बनलाच नव्हता असं उघड झालं आणि निकाल रद्द झाला. २००६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने तिला वेडाच्या कारणाने निर्दोष ठरवलं. टेक्सासच्या कायद्यानुसार ज्युरीला असा निकाल दिल्यास पुढे काय होईल हे सांगायला बंदी आहे. निकाल देणाऱ्यांनी परिणामांकडे पाहू नये, अशी त्यामागची भूमिका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये संघराज्याच्या खटल्यांपुरती ती उचलून धरली. पण माणसं परिणामांकडे पाहतातच. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीला १९८२ मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवलं, तेव्हा देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच त्या ज्युरीतल्या काही जणांना सिनेटच्या समितीपुढे येऊन आपला निकाल समजावून सांगावा लागला. हिंकलीवरची शेवटची बंधनं उठायला २०२२ साल उजाडलं. ‘वेडा ठरला आणि सुटला’ हे वाक्य तिथेही खरं नाही.

टेक्सासच्या त्याच कायद्यात एक चांगली सोय आहे, आणि ती उचलण्याजोगी आहे. निर्दोष ठरलेला माणूस निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या नजरेआड जात नाही. त्याला रुग्णालयात ठेवायचं का, याचा विचार ते न्यायालय दरवर्षी करतं, आणि ताबा त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपलीकडे नेता येत नाही. ज्याने निकाल दिला, त्यालाच वर्षाकाठी त्या माणसाकडे पुन्हा पाहावं लागतं.

आता जळगाव-धुळ्याकडे येऊ. समजा, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या एका शेतमजुराला गेली चार वर्षं कुणी नसताना आवाज ऐकू येतात. बायको आपल्या जेवणात विष घालते आहे, अशी त्याची खात्री पटलेली आहे. घरच्यांना तो आजार वाटत नाही. बाहेरचं काहीतरी लागलंय, असं वाटतं. भगताकडे जाऊन येतात. बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ असलेल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर खानदेश-विदर्भातून मनोरुग्णांना नेण्याची रीत आहे, तिथेही नेऊन आणतात. गंडा बांधतात. एका रात्री त्याच्या हातून बायको मारली जाते आणि सकाळी तो तिथेच बसलेला सापडतो.

खटला उभा राहतो तेव्हा न्यायालय कागद मागतं. घटनेच्या वेळी मनोविकल असल्याचं दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात ती सौम्य केली: सरकारी पक्षाइतका पक्का पुरावा आरोपीने द्यायला नको, शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूला झुकलं तरी पुरे. पण झुकवायला हाताशी काही तरी हवं. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये घरातल्या वाटण्याच्या दगडाने बायकोला मारलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ खाली निर्दोष ठरवलं. घराण्यात आजार होता, घटनेआधीच्या उपचारांची नोंद होती, घटनेनंतर त्याला पुनःपुन्हा रुग्णालयात नेल्याच्या नोंदी होत्या. दिवसाढवळ्या मारून तो पळाला नव्हता, लपला नव्हता. हे सगळं जोडून न्यायालयाने त्याचा आजार वाचला. तो शिपाई होता, दवाखान्यात गेला होता, केसपेपर निघाले होते. शेतमजुराकडे गंडा असतो, केसपेपर नसतो. आजार तोच असेल, पण एकाचा आजार न्यायालयाला दिसतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही. खानदेशात मानसिक आजाराचा पहिला केसपेपर गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात निघणं ही आरोग्याची गोष्ट आहेच. पुढे कधी वेळ आली तर तोच कागद न्यायाचा पुरावा ठरतो.

तरीही समजा, तो निर्दोष ठरला. मग त्याला ठेवायचं कुठे? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी आहेत. खानदेशात एकही नाही. जळगावहून ठाणं रेल्वेने चारशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि धुळ्याहून पुण्याचा रस्ता तीनशे किलोमीटरांहून लांब. कापूस वेचणीच्या किंवा केळी कापणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे एक दिवसाची रोजी. त्यातून म्हाताऱ्या आईने किती वेळा भेटीला जावं? भेटी कमी होत जातात, मग थांबतात. भेटी थांबल्या की फायलीत ‘नातेवाईक येत नाहीत’ असा शेरा पडतो आणि तो शेराच त्याला न सोडण्याचं कारण बनतो.

हमी देणाऱ्या नातेवाइकाचाही घोळ आहे. अशा घटना बहुधा घरातच घडतात. मेलेलं माणूस बायको, आई किंवा मूल असतं. बायको गेली असेल तर सासरवाडी फिर्यादी असते. भाऊ घाबरलेला असतो आणि वाटणीची जमीन त्याच्या ताब्यात असते. ज्यांनी हमी द्यायची, तेच या घटनेने सगळ्यात जास्त मोडलेले असतात. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्यावर सगळा भार टाकणारी व्यवस्थाच मुळात चुकीची आहे.

या दुर्लक्षाने काय होतं, ते देशाने पाहिलं आहे. आसामच्या माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. ते बरे झाल्याचं रुग्णालयाने १९६७ मध्येच कळवलं होतं. सुटका झाली २००५ मध्ये, तीही एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. खटला कधी चाललाच नाही. १९८२ मध्ये हजारीबागच्या विधी साहाय्य समितीतून आलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तुरुंगातल्या अशा कैद्यांना सोडवलं, ज्यांचं वेड कधीच ओसरलं होतं पण ज्यांना दशकानुदशकं कुणी बाहेर काढलं नव्हतं. बिहारचा रुदल शहा १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि प्रत्यक्षात १९८२ मध्ये बाहेर आला. तो मनोविकल होता, असं कारण सरकारने दिलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने १९८३ मध्ये ते कारण धुडकावून नुकसानभरपाई द्यायला लावली. प्रत्येक वेळी कुणीतरी बाहेरच्या माणसाने आवाज उठवला तेव्हाच दार उघडलं. हजारीबागच्या त्या पत्राने केलं, ते इंग्लंडातल्या ज्युरी करत असत त्याच जातीचं काम.

दया ओळखीपाळखीच्या लोकांपर्यंत कशी पोचते, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी कावस नानावटी यांना निर्दोष ठरवलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप कायम केली. पण वृत्तपत्रांनी लोकमत तापतं ठेवलं होतं, मृताच्या बहिणीने हरकत नसल्याचं लिहून दिलं आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशातून ज्युरी काढून टाकली. ती गेली याची खंत करण्याचं कारण नाही. तिचे दोष खरे होते. पण निकाल देणाऱ्या सामान्य माणसाला पुढे बोलण्याची जी जागा होती, तीही तिच्यासोबत गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कुणी तयार केली नाही.

निर्दोष ठरलेल्या अशा माणसाच्या सुटकेचा विचार निकाल देणाऱ्या न्यायालयानेच दरवर्षी करावा, या मागणीवर घेतल्या जाणाऱ्या हरकती गंभीर आहेत. पहिली, ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? मेलेल्या बाईच्या माहेरच्यांना न्याय हवा असतो आणि तो मिळालाच पाहिजे. पण ज्याला आपण काय करतो हेच कळत नव्हतं, त्याला बरा झाल्यावरही कोंडून ठेवलं तर त्यांना मिळतो तो बदला. त्यांना सुनावणीत बोलू द्यावं, तो पुन्हा त्याच गावात राहणार का हे त्यांना विचारावं, भरपाई द्यावी. लंडनमध्ये १८७२ साली डॉ. विल्यम मायनर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने भ्रमात एका निरपराध कामगाराला गोळी घातली. तो ब्रॉडमूरमध्ये गेला आणि तिथून ऑक्सफर्डच्या महाकोशासाठी वर्षानुवर्षं शब्दांची अवतरणं पाठवत राहिला. मेलेल्या कामगाराची विधवा त्याला तिथे भेटायला जात असे. बळी पडलेल्यांचं घर नेहमी सूडच मागतं, असं गृहीत धरणं त्या घरावरही अन्याय आहे.

दुसरी हरकत सुरक्षिततेची. गोळ्या बंद झाल्या की आजार उलटू शकतो, ही भीती रास्त आहे. म्हणूनच सुटका म्हणजे दार उघडून सोडून देणं नव्हे. तिच्यासोबत उपचाराची अट हवी, आणि गोळ्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात. उपचारांनी सावरलेली माणसं घरी परतू शकतात, हे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणाऱ्या कर्जतच्या डॉ. भरत वाटवानी यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. त्या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिसरी हरकत, लोक वेडाचं सोंग आणतील. आपली न्यायालयं या बाबतीत मुळीच ढिली नाहीत. आजार असणं आणि त्या आजाराने कृत्याचं भान हरपणं यांत सर्वोच्च न्यायालय सतत फरक करत आलं आहे. उलट, आजारी असूनही दोषी ठरलेल्याला दयेचं दार उघडं असतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, आरोपीचं नाव गुप्त ठेवून, तुरुंगात जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे न्यायालयाने फाशी रद्द केली. दोषी ठरलेल्याला मिळू शकणारा विचार निर्दोष ठरलेल्याला मिळू नये, याचं समर्थन कसं करायचं?

कायदा बदलायला हवा, हे उघड आहे. सुटकेचा निर्णय मंत्रालयातून काढून निकाल देणाऱ्या सत्र न्यायालयाकडे द्यावा, दरवर्षी सुनावणी सक्तीची करावी, आणि ताबा त्या कृत्याच्या कमाल शिक्षेपलीकडे जाऊ नये. पण कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधला आहे. त्याच्या १०३ व्या कलमाप्रमाणे, आपल्याकडे मानसिक आजार असलेला कैदी नाही, असं प्रत्येक तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला लिहून द्यायचं असतं, आणि तसा कैदी आढळला तर त्याला तिथे का ठेवलं, हे मंडळ विचारू शकतं. हे कागद जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी मागवून वाचावेत आणि प्रत्येक नावामागे एक वकील द्यावा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७४ व्या कलमात नातेवाइकाच्या जोडीला मित्रही आहे. तो रक्ताचाच हवा, असं कलम म्हणत नाही. शेजारी, जुना मालक, शाळेतला गुरुजी, ग्रामपंचायत सदस्य यांच्यापैकी कुणीही अर्ज करू शकतो. भाऊ घाबरला असेल तर गावातली दोन-तीन शहाणी माणसं पुढे येऊ शकतात. ज्युरी गेल्यावर तिची जागा घेऊ शकतील अशी माणसं आपल्याकडे हीच आहेत. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्याही आधीपासून आहे. सुटलेल्या माणसाला महिन्यातून एकदा तिथल्या मानसोपचार विभागात हजर राहायला सांगावं, अहवाल थेट सत्र न्यायालयाकडे जावा, आणि गैरहजर राहिला तर न्यायालयाने त्याच आठवड्यात चौकशी करावी. कुणी पुढे आलंच नाही तर न्यायाधीशाने सरकारी वकिलाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला विचारावं की या माणसासाठी कुणाला विचारलं, कधी विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं. हे आदेश आजच्या कायद्यातच देता येतात. त्यासाठी विधानसभेच्या ठरावाची किंवा मंत्रालयातल्या फाइलीची वाट पाहण्याचं कारण नाही.